बूट पायात असताना

रांदेरच्या मुलीनं पळता पळता नुसता हात वर केला, आणि बमरोलीच्या मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या. एखादी नाही, मागच्या फळीतल्या तिघीही. वारा पडल्यावर झाडं उभी राहतात तशा. रांदेरच्या मुलीला पास मिळाला, तिनं काही घाई न करता दोन पावलं पुढे जाऊन बॉल जाळ्यात सारला, आणि मगच बमरोलीच्या मुली हलल्या. गोलकीपर प्रज्ञा तेवढी आडवी झेपावली होती. ती धुळीत पडल्या पडल्याच ओरडली, "अगं, पुतळ्यांनो! मी एकटीच खेळतेय का इथं?"

"शिट्टी झाली ना?" मागच्या फळीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या सुषमानं गोंधळून पंचांकडे पाहिलं.

"सीटी वागी नथी, बेन," पंच म्हणाले. शिट्टी वाजलीच नव्हती. गोल मोजला गेला.

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या अंजनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. गप्प राहून बघायचं, ही त्यांची वर्गातली सवय. मूल चुकलं की आधी ओरडायचं नाही, ते कुठे अडलं ते आधी पाहायचं. पण आज तिसरा सामना होता आणि तिन्ही सामन्यांत हेच झालं होतं. मुली छान धावत असायच्या, मधेच कुणीतरी त्यांच्या अंगातला वारा काढून घेतल्यासारख्या थांबायच्या, आणि गोल व्हायचा.

अंजनाबाई पांडेसऱ्याच्या बाजूला पालिकेच्या एका मराठी शाळेत चोवीस वर्षं शिकवत होत्या. त्यांचं माहेर भुसावळचं. वडील रेल्वेत फिटर, आणि घरासमोर रेल्वेचं मैदान. तिथे भावांना गोलकीपर कमी पडला की लहानग्या अंजनाला दोन विटांच्या मधे उभं करायचे. तेवढंच त्यांचं फुटबॉलचं शिक्षण. सुरतेत आल्यावर त्या शिक्षिका झाल्या, संसार केला, आणि फुटबॉल विसरल्या. पण एक गोष्ट त्यांना डाचत राहिली. सातवी झाली, फार तर दहावी झाली की मुली दिसेनाशा व्हायच्या. कुणी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, बॉबिन भरायला जायची, कुणी घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. रस्त्यात भेटल्या तर "बाई, बऱ्या आहात ना?" एवढं विचारून खाली मान घालून पुढे जायच्या. वर्गात पहिल्या बाकावरून हात हलवून उत्तर सांगायला धडपडणाऱ्या याच मुली का, असं बाईंना वाटायचं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर झाडून-पुसून निघालं, तेव्हा बमरोलीजवळच्या खाडीकाठचा एक मोठा उकिरडाही उचलला गेला. खाली सपाट जमीन निघाली. बाईंनी एक जुना बॉल आणला आणि जुन्या विद्यार्थिनींना निरोप धाडले. दोघी आल्या, मग पाच, मग पंधरा. दुसऱ्या वर्षी 'बमरोली कन्या संघ' शहराच्या महिला लीगच्या दुसऱ्या विभागात पहिला आला. आता हे शहाण्णवचं साल, आणि संघ पहिल्या विभागात. सहा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे दहा सामने. कार्तिकात सुरू झालेला हंगाम माघात संपणार होता.

हंगामाच्या आधी लीगच्या समितीतल्या एका गृहस्थांनी बाईंना एक गोष्ट सांगून ठेवली होती. "अंजनाबेन, पुढल्या वर्षी दुसरा विभाग होणार नाही. संघच नाहीत पुरेसे. पहिल्या विभागात जो शेवटचा येईल, त्याला जागा नाही."

म्हणजे शेवटचं येणं हे नुसतं हरणं नव्हतं. संघच संपणार होता. आणि संघ संपला की मुली पुन्हा खात्यात आणि घरात, खाली मान घालून.

परतताना शटल रिक्षात सहा जणी दाटीवाटीनं बसल्या. सुषमाची आई धुरपदाबाई दर सामन्याला यायची. सोबत साड्यांचं गाठोडं आणि धागे कापायची छोटी कात्री. मैदानाच्या कडेला पाय पसरून बसायची, नजर मुलीवर आणि हात साडीवर. रिक्षातही तिचे हात चालू होते.

"काय खांबसारखी उभी ऱ्हायनी व माय?" ती सुषमाला अहिराणीत म्हणाली. "पयाले काय व्हयनं व्हतं तुले?"

"माय, माले समजत नही," सुषमा बाहेर बघत म्हणाली. मग बाईंकडे वळून शाळेतल्या मराठीत म्हणाली, "बाई, खरंच. मी थांबत नाही हो. पायच थांबतात. मला वाटतं खेळ थांबलाय."

"तुला एकटीला नाही, मलाही तसंच वाटतं," डावीकडून खेळणारी जयश्री म्हणाली.

"मला नाही वाटत कधी," प्रज्ञा म्हणाली. तिचे वडील उधना स्टेशनात पॉइंट्समन होते. "तुम्ही लूमवाल्या सगळ्या झोपाळू. रात्रपाळ्या करून येता आणि मैदानात डुलक्या काढता."

"तू गप गं, गाडी येईपर्यंत फाटक लावून बसणारी!" जयश्री म्हणाली आणि सगळ्या हसल्या. सुषमा हसली नाही.

अंजनाबाईंनी प्रज्ञाचं बोलणं ऐकलं, पण त्यातलं जे धरायचं ते त्यांना तेव्हा धरता आलं नाही. त्यांना वाटलं, खरंच थकवा असेल. सुषमा एकोणीस वर्षांची, सकाळी घरचं पाणी भरायचं, मग खात्यात पाळी, मग सराव. चौथ्या सामन्याला त्यांनी तिला बाहेर बसवलं. "जरा विसावा घे," म्हणाल्या. सुषमानं मान हलवली आणि आईशेजारी बसून धागे कापायला घेतले. तिच्या जागी दुसरी मुलगी उतरली, तीही खात्यात काम करणारी. त्या दिवशी पाच गोल झाले. चौथ्या गोलाच्या वेळी कोपऱ्यावरून बॉल मारणाऱ्या मुलीनं, मी आता मारते आहे हे आपल्या मैत्रिणींना कळावं म्हणून हात उंच धरला. प्रज्ञा सोडून बमरोलीच्या सगळ्या मुली त्या हाताकडे बघत राहिल्या. समोरच्या संघातली एक जण हसत दुसरीला म्हणाली, "हाथ ऊंचो कर ने, पूतळां थई जाय छे!"

हात वर कर, पुतळे होतात.

बाईंनी ते ऐकलं. म्हणजे थकवा नव्हता. काहीतरी त्या हातात होतं. दुसऱ्या विभागात हे कधी झालं नव्हतं, कारण तिथे सगळ्या जणी बॉलमागे घोळक्यानं धावायच्या आणि नुसत्या ओरडायच्या. हात वर करून शांतपणे पास मागणं ही पहिल्या विभागातली रीत होती. पण हाताला घाबरण्यासारखं काय आहे, ते काही त्यांना उमगेना. सरावात त्यांनी स्वतः हात वर करून पाहिला. मुली थांबल्या. "थांबू नका," त्या म्हणाल्या. पुन्हा हात वर केला. पुन्हा थांबल्या, आणि स्वतःवरच चिडल्या.

पुढच्या आठवड्यात बाईंना सुषमाच्या वडिलांना भेटायचं होतं. रविवारच्या सामन्यासाठी सुषमाची पाळी बदलून हवी होती. खात्याची रजा सोमवारी, वीजकपातीच्या दिवशी असे, त्यामुळे रविवार म्हणजे कामाचाच वार. ते, लोटू पाटील, घरी सापडायचे नाहीत म्हणून बाई संध्याकाळी थेट बापलेक काम करत त्या बमरोलीच्या खात्यावर गेल्या.

दाराबाहेर चपलांची लांब रांग होती. आत यंत्र म्हणजे लक्ष्मी, म्हणून सगळे अनवाणी. बाईंनीही चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. ओलांडताक्षणी कानांवर काहीतरी आदळलं. अठ्ठेचाळीस लूम एकदम चालू होते. आवाज कानांतून नव्हे, तर दातांतून आणि छातीतून येतोय असं वाटत होतं. त्यांनी "लोटूभाऊ!" म्हणून हाक मारली, ती त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं की इथे सगळे बोलत होते. पण तोंडानं नव्हे. एका कारागिरानं दोन बोटं कात्रीसारखी हलवली, दुसऱ्यानं मान डोलावून सूत तोडलं. एकानं मूठ हनुवटीखाली नेली, म्हणजे चहा. पलीकडचा नाक उडवून हसला, बहुधा चहा पाजायची पाळी त्याची होती. भिंतीजवळ सुषमा बॉबिन भरायच्या यंत्राशी उभी होती. तिच्या उजव्या हाताला मोठं मेन स्विच होतं. तिनं बाईंना पाहिलं आणि डोळे विस्फारून, बोटांनीच विचारलं, तुम्ही? इथे?

बाई तिला काहीतरी खूण करणार, तेवढ्यात शेडच्या पार टोकाला एक हात वर गेला. उघडा पंजा, पाचही बोटं ताठ. तो हात ज्यानं ज्यानं पाहिला त्यानं हातातलं काम टाकून आपला लूम बंद केला, आणि सुषमानं मान वळवायच्या आत स्विच खाली ओढलेलं होतं. बाईंना नंतरही कधी आठवता आलं नाही की आधी तिनं पाहिलं की आधी ओढलं. सगळं एकदम गप्प झालं. त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "बाही व्हती, बाही. हात शाबूत शे." एका तरुण कारागिराच्या शर्टाची बाही पट्ट्यात ओढली गेली होती. दोघांनी ती कापून काढली. तो पोरगा खाली बसला, पाणी प्यायला, आणि उगाच हसत राहिला.

लोटू पाटील बाईंपाशी आले. त्यांनी आपला डावा हात पुढे धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

"हाई धुळ्याना खातामा गयात, बाई," ते म्हणाले. "तठे हात वर कया तं कोनी दखं नही. म्हनीसन मी आठे बठासले सांगी ठेवेल शे. पंजा वर दिसना का पहिले बंद, मंग इचार." मग बाईंना नीट कळावं म्हणून सावकाश, थोड्या शुद्ध बोलीत म्हणाले, "धुळ्यात माझा हात कुणी पाहिलाच नाही. आवाजात हाक ऐकू येत नाही ना. हात हीच हाक. सुषी चालायला लागली तेव्हापासून तिला हेच शिकवलं. आता ती स्विचपाशी असते, म्हणून मी बिनघोर असतो."

बाई त्या तीन बोटांच्या हाताकडे बघत राहिल्या. पाळी बदलायची गोष्ट बोलायची त्या विसरल्याच.

घरी जाताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आठवडाभर सरावात त्या मुलींना काय सांगत होत्या? हात दिसला तरी थांबू नका. शंभरदा हात वर करून शंभरदा न थांबायला लावलं असतं, तर जमलंही असतं. मुलांना घोकून घोकून काहीही शिकवता येतं, हे चोवीस वर्षांत बाईंनी पाहिलं होतं. आणि मग एके दिवशी खात्यात पंजा वर गेला असता, आणि स्विचपाशी उभ्या असलेल्या मुलीनं क्षणभर विचार केला असता.

तो क्षणभर त्यांना नको होता. संघ बुडाला तरी चालेल, पण तो नको. मात्र संघही बुडायला नको होता. दोन्ही कसं जमवायचं, ते त्यांना चार दिवस सुचलं नाही. पाचवा सामना एका गोलानं गेला. तो गोलही हात वर करूनच झाला.

सुचलं ते वर्गात. पहिलीची मुलं मधल्या सुट्टीतून परत येत होती. अंगणात त्यांची अहिराणीत भांडणं चालली होती, "मन्हा पेन दे," "नही देत जाय." वर्गाच्या दारात एकेकानं चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि तीच मुलं म्हणाली, "बाई, हा माझा पेन देत नाही!" बाईंनी कधीच कुणाची घरची बोली मोडली नव्हती. बोली घरी राहू दे, इथली इथे शिक, एवढंच त्या म्हणत आल्या होत्या. आणि दोन्हींच्या मधे काय होतं? एक उंबरा, आणि काढलेल्या चपला.

त्या संध्याकाळी सरावाला मुली नेहमीप्रमाणे अनवाणी आल्या. लीगच्या नियमामुळे सामन्याला कापडी बूट लागत, पण ते झिजू नयेत म्हणून एरवी पिशवीतच असत.

"बूट आणा. आजपासून सराव बुटांत," बाई म्हणाल्या.

"फाटतील, बाई!" जयश्री म्हणाली.

"फाटले तर शिवू. ऐका आता. बूट पायात असले की थांबवणारी एकच गोष्ट. काय?"

"शिट्टी," प्रज्ञा म्हणाली.

"हात दिसला तर?"

सुषमानं मान वर केली. "बाई, हात दिसला तर थांबायचंच असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांनी शिकवलंय."

"बाबांनी शिकवलं ते सोन्यासारखं आहे. ते मी तुझ्याकडून कधीच काढून घेणार नाही," बाई म्हणाल्या. "पण ते अनवाणी पायांचं शिक्षण आहे. खात्यात तू अनवाणी असतेस ना? अनवाणी असलं की डोळे मालक. बूट घातले की कान मालक. बूट घालताना मनात म्हण, आता कान. काढताना म्हण, आता डोळे."

"आणि झोपताना, बाई?" जयश्रीनं विचारलं.

"झोपताना तोंड बंद," बाई म्हणाल्या.

मग जो सराव सुरू झाला, तो पाहायला खाडीपलीकडची माणसंही येऊन उभी राहिली. धुरपदाबाई आणि आणखी चार बायका मैदानाच्या चारी कडांना उभ्या राहून, मनात येईल तेव्हा हात वर करायच्या. बाई मधे शिट्टी घेऊन. पहिल्या दिवशी मुली हातालाच थांबल्या. दुसऱ्या दिवशी अडखळल्या. धुरपदाबाईला इतकी मजा वाटू लागली की ती दोन्ही हात वर करून नाचायची आणि ओरडायची, "थांब ना व, थांब! आते थांबशी का नही?" आठव्या दिवशी सुषमा आईच्या पंजाखालून बॉल घेऊन निघून गेली आणि मागे वळूनही बघितलं नाही. "हाई पोर मन्ही नही!" धुरपदाबाई कौतुकानं म्हणाली.

पण सराव तिथे संपत नसे. शेवटची पंधरा मिनिटं बूट काढायचे. सगळ्या अनवाणी. आणि मग बाईंचा हात वर गेला की ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत थांबायचं. जी हलली तिला मैदानाला दोन फेऱ्या.

"हे कशाला, बाई?" प्रज्ञानं एकदा कुरकुर केली. "आधी हातावर थांबू नका म्हणून शिकवता, मग थांबा म्हणून. मी तर खात्यात जात पण नाही."

"तुझ्यासाठी नाही ते, माझ्यासाठी आहे," बाई म्हणाल्या. "मला रात्री झोप लागावी म्हणून."

हंगाम पुढे सरकला. सहावा सामना बरोबरीत सुटला. सातवा बमरोलीनं जिंकला, पहिला विजय, आणि त्या दिवशी शटल रिक्षावाल्यानं सगळ्यांच्या ओरडण्याला वैतागून रेडिओ बंद केला. आठवा गेला. नववा पुन्हा बरोबरी. दहावा, शेवटचा सामना कतारगामशी होता. तेही तळाशीच होते, बमरोलीपेक्षा एका गुणानं मागे. बरोबरी झाली तर बमरोली राहणार, कतारगाम जाणार. हरलं तर बमरोली जाणार. हिशेब इतका सोपा होता की तो कुणी बोलून दाखवला नाही.

सामना रविवारी दुपारी होता. सुषमाला पाळी बदलून मिळाली नव्हती. चार वाजता तिला खात्यात उभं राहायचं होतं.

पहिल्या अर्ध्या वेळेत जयश्रीनं मारलेला बॉल समोरच्या मुलीच्या गुडघ्याला लागून आत गेला. नशिबाचा गोल, पण गोल. मग कतारगामनं एक फेडला. मध्यंतराला सुषमा लंगडत बाहेर आली. तिच्या डाव्या बुटाचा तळ पुढून पूर्ण सुटला होता, जबडा उघडावा तसा.

"दे," धुरपदाबाई म्हणाली. तिनं मांडीवरच्या साडीचे कापलेले धागे एकत्र वळले, त्यांची चांगली करंगळीएवढी जाड दोरी केली, आणि बूट पायातच ठेवून तळापासून घोट्यापर्यंत करकचून गुंडाळला. गुलाबी, हिरवे, जरीचे धागे. वर निरगाठीवर निरगाठ. "आते हाई पाय निंघी, पन बूट नही निंघाव," ती म्हणाली.

दुसरी अर्धी वेळ लांबलचक वाटली. कतारगामच्या मुली वाईट खेळत नव्हत्या. त्यांनाही जायचं नव्हतं. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा त्यांना कोपऱ्यावरून बॉल मिळाला. मारणाऱ्या मुलीनं हात वर केला. उंच, उघडा पंजा, पाचही बोटं ताठ. आणि तिच्या मागोमाग गोलसमोर उभ्या असलेल्या तिच्या चार मैत्रिणींनीही. पाच पंजे एकदम. बमरोलीचे पुतळे सगळ्या लीगला ठाऊक होते.

जयश्री थांबली. तिचे हात अर्धवट हवेत राहिले. बॉल तिच्या डोक्यावरून आला. आणि सुषमा, त्या पाच हातांच्या मधून, पायातल्या गुलाबी-हिरव्या बुटानिशी पुढे आली आणि तो बॉल तिनं इतक्या लांब मारला की तो पलीकडे बसलेल्या शेंगदाणेवाल्याच्या टोपलीपाशी जाऊन पडला. शेंगदाणेवाला तो उचलून आणून देईपर्यंत आणखी एक मिनिट गेलं. त्याचे उपकार बमरोलीच्या मुली पुढे बरेच दिवस आठवत राहिल्या.

शिट्टी झाली. तीन वेळा, लांब. एक-एक. बमरोली राहिली होती.

मुली एकमेकींवर पडल्या. प्रज्ञा रडत होती आणि रडत नसल्याचं सगळ्यांना सांगत होती. कतारगामच्या मुली गवतावर बसून राहिल्या होत्या. अंजनाबाई त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या बाईंशी दोन शब्द बोलल्या, एका मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, सामन्याच्या कागदावर सही केली. हे सगळं होऊन परत आल्या तर सुषमा दिसेना.

"गेली. पाळी आहे ना," जयश्री म्हणाली. "शिट्टी झाली तशी पळाली. बूट काढायला बसली होती, पण गाठच सुटेना. तशीच रिक्षात बसली."

तशीच. बूट पायात. आणि आता ती स्विचपाशी उभी असेल. बूट घातले की हात दिसला तरी थांबायचं नाही, हे कुणी शिकवलं होतं? दोन महिने रोज, संध्याकाळी, कुणी?

"धुरपदाबाई, ती गाठ..."

"माले काय माहित, बाई," धुरपदाबाई गाठोडं चाचपत म्हणाली. "मन्ही कातर बी सापडत नही. व्हती आठेच."

बाई रस्त्यावर आल्या आणि मिळाली ती रिक्षा केली. सबंध रस्ताभर त्या स्वतःला समजावत होत्या की एका दिवसात काही होत नाही, आणि सबंध रस्ताभर त्यांना लोटूभाऊंचा तीन बोटांचा हात दिसत होता. खात्याच्या गल्लीत रिक्षा शिरेना, तेव्हा त्या उतरून चालू लागल्या. चालणं कसलं, जवळजवळ पळणंच. दारातून तोच आवाज बाहेर येत होता.

दाराबाहेर चपलांची रांग होती. रांगेच्या शेवटी दोन कापडी बूट, शेजारी शेजारी, नीट ठेवलेले. डाव्या बुटाभोवतीचे गुलाबी-हिरवे धागे एका सरळ रेषेत कापलेले होते. वर धुरपदाबाईची छोटी कात्री ठेवलेली होती.

बाई वाकून त्या बुटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चपला काढून बुटांशेजारी ठेवल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. भिंतीपाशी सुषमा होती. फरशीवर अनवाणी पाय, डाव्या घोट्यावर धाग्यांचे लाल वळ. बॉबिन भरता भरता तिनं मान वळवली आणि तिला बाई दिसल्या.

बाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांना स्वतःचं भान राहिलं नाही. वर्गात एखाद्या मुलानं अवघड गणित सोडवलं की त्या जशा करत, तसाच त्यांनी शाब्बासकीचा हात वर केला. उंच, उघडा पंजा, पाचही बोटं पसरलेली.

स्विच खाली आलं.

अठ्ठेचाळीस लूम एका दमात गप्प झाले. सगळं खातं माना उंचावून बघू लागलं. "कोन्हं काय अडकनं?" कुणीतरी विचारलं. लोटू पाटील दोन रांगांमधून धावत आले आणि दारात हात वर करून उभ्या असलेल्या बाईंना बघून थबकले.

"बाई? काय व्हयनं?"

हात खाली घ्यायचं बाईंच्या लक्षातच येत नव्हतं. शेजारच्या एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला. सुषमा मात्र हसत नव्हती. तिचा हात अजून स्विचवर होता आणि नजर बाईंच्या पंजावर. हात खाली येईपर्यंत ती हलणार नव्हती.

"काही नाही झालं, लोटूभाऊ," बाई म्हणाल्या. शांततेत त्यांचा आवाज शेडच्या टोकापर्यंत गेला. "बरोबरी झाली. आपण राहिलो."

"पोर काही बोलनीच नही," लोटू पाटील म्हणाले आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"उशीर व्हयना व्हता, बाबा," सुषमा म्हणाली.

बाईंनी हात खाली घेतला. मग सुषमानं सगळ्या रांगांवरून एकदा नजर फिरवली, प्रत्येकानं मान हलवल्याची खात्री केली, आणि स्विच वर सारलं.